वाळू विरघळत नाही, जेल विरघळते: सिलिकॉन आणि त्याच्या संयुगांचे व्यवहारातले रसायन

प्रश्न तीन आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. वाळू आणि सिलिका जेल (पिशवीतले ओलावा शोषणारे मणी) दोन्ही सिलिकाच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात जेल विरघळते आणि वाळू का नाही? सोडियम सिलिकेटमध्ये आम्ल ओतल्यावर पारदर्शक जेलऐवजी पांढऱ्या गुठळ्या का मिळतात? आणि चिपमधला सिलिकॉन, खिडकीची काच, फटीत भरायचा सिलिकोन सीलंट ही सगळी एकाच मूलद्रव्याची मंडळी इतकी वेगळी का वागतात?

सिलिकॉनचा अणू बहुतेक वेळा चार शेजाऱ्यांच्या मधोमध असतो, चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ते चार शेजारी. कोपऱ्यावरचा ऑक्सिजन पलीकडे दुसऱ्या सिलिकॉनला जोडलेला असेल तर तो सेतू. पलीकडे फक्त हायड्रोजन किंवा सोडियम असेल तर तो मोकळा कोपरा. चारपैकी सेतू किती आणि मोकळे कोपरे किती, एवढे कळले की पदार्थाचे निम्मे गुणधर्म सांगता येतात. क्वार्ट्‌झमध्ये, म्हणजे वाळूच्या मुख्य खनिजात, चारही सेतू. खिडकीच्या काचेत सरासरी तीनच्या आसपास, उरलेल्या कोपऱ्यांवर सोडियम-कॅल्शियम. सिलिकोन तेलात आणि रबरात दोन सेतू, बाकी दोन जागांवर मिथिल गट. पाण्यात विरघळलेल्या मोनोसिलिसिक आम्लात एकही सेतू नाही, चारही कोपऱ्यांवर हायड्रॉक्सिल. खालचे सगळे विवेचन या मोजणीवरच उभे आहे.

आधी सेतूंना एवढे महत्त्व का, ते पाहू. सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची ऊर्जा सुमारे २२० ते २२५ किलोज्यूल प्रतिमोल आहे, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची सुमारे ४५०, म्हणजे दुप्पट. कार्बनचे तसे नाही: कार्बन-कार्बन सुमारे ३४६ आणि कार्बन-ऑक्सिजन सुमारे ३५८, जवळजवळ सारखेच. म्हणून कार्बनच्या लांब साखळ्या हवेत टिकतात. सिलिकॉनच्या साखळ्या ऑक्सिजन दिसला की त्याच्याकडे वळतात. सिलेन (सिलिकॉन आणि हायड्रोजनचे संयुग) हा वायू तर हवेत आल्याबरोबर स्वतःहून पेट घेतो. दुसरी गोष्ट, सिलिकॉनचा अणू मोठा असल्याने ऑक्सिजनशी त्याचा दुहेरी बंध दुबळा पडतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन दुहेरी बंध पुरतात आणि सुटे रेणू असलेला वायू मिळतो. सिलिकॉनला मात्र दोन दुहेरी बंधांपेक्षा चार एकेरी बंध परवडतात आणि त्यातून सगळीकडे पसरलेली जाळी तयार होते. सूत्र एकसारखे दिसले तरी एक वायू आणि दुसरा १७०० °से.च्या वर वितळणारा घन पदार्थ, ते यामुळेच.

मात्र बंध बळकट आहे म्हणजे तो अभेद्य आहे असे नाही, आणि व्यवहारात बहुतेकांची गफलत इथेच होते. सिलिकॉनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची ताकद) १.९, ऑक्सिजनची ३.४४. बंध बराच ध्रुवीय आहे, सिलिकॉनवर धन भार झुकलेला आहे, आणि सिलिकॉन तात्पुरता पाचवा शेजारीही स्वीकारू शकतो. त्यामुळे उष्णतेने न तुटणारा हा बंध हायड्रॉक्साइड किंवा फ्लोराइड आयन पुढे आला की पाचव्या शेजाऱ्याच्या वाटेने अदलाबदल करतो. सिलिकॉन टेट्राक्लोराइड पाण्याच्या वाफेतही धुमसते आणि हायड्रोजन क्लोराइड सोडते, कार्बन टेट्राक्लोराइड मात्र पाण्याखाली वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहते, त्यामागेही हेच. जुन्या पाठ्यपुस्तकांत याचे श्रेय रिकाम्या ‘डी’ कक्षकांना दिलेले आढळते. आज अणूचा आकार आणि बंधाची ध्रुवता हीच कारणे जास्त पटणारी मानली जातात.

आता वाळू आणि जेल. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या वाळूच्या कणांचे पृष्ठफळ काढले तर ग्रॅममागे साधारण ०.०११ चौरस मीटर येते. बारीक छिद्रांच्या सिलिका जेलचे ग्रॅममागे ७०० ते ८०० चौरस मीटर असते. म्हणजे हायड्रॉक्साइडला हल्ला करायला जेलमध्ये साठ हजार पटींहून अधिक जागा मिळते. शिवाय जेलच्या पृष्ठभागावर आधीच हायड्रॉक्सिल आहेत, दर चौरस नॅनोमीटरला साधारण पाच, म्हणजे जाळी जागोजागी उघडी आहे. क्वार्ट्‌झमध्ये चारही सेतू घट्ट रचनेत बसलेले. २५ °से.ला साध्या पाण्यात अस्फटिकी सिलिका लिटरला १०० ते १२० मिलिग्रॅम विरघळते, क्वार्ट्‌झ १० मिलिग्रॅमच्या आसपासच. तेव्हा उकळत्या कॉस्टिकमध्ये वाळू दिवसभर ढवळूनही हाती काही लागत नाही. ती विरघळवायची तर सोडा ॲशबरोबर ११०० ते १४०० °से.ला वितळवावी लागते, नाही तर दाबाखाली ऑटोक्लेव्हमध्ये शिजवावी लागते. उद्योगात सोडियम सिलिकेट याच दोन वाटांनी तयार होते.

प्रयोगशाळेत जेलपासून सिलिकेट करणे सोपे आहे. सुकवलेले सिलिका जेल ३० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, पाणी ८० मिली. यातून सिलिका आणि सोडियम ऑक्साइड यांचे मोलर गुणोत्तर २ असलेले द्रावण मिळते. जेल आधी १२० °से.ला काही तास सुकवून मगच तोला. उघड्या डब्यातल्या जेलमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पाणी असू शकते आणि तेवढ्याने गुणोत्तर बिघडते. कॉस्टिक सोडा पाण्यात घाला, पाणी कधीही सोड्यावर ओतू नका. द्रावण स्वतःच तापते. ते ५० ते ६० °से.पर्यंत उतरू द्या आणि मग भरडलेले जेल चमच्याचमच्याने टाका. कोरडे मणी पाणी शोषताना तडतडून फुटतात आणि उकळत्या कॉस्टिकमध्ये एकदम टाकले तर ते अंगावर उडते. गॉगल आणि हातमोजे यात सवलत नाही, कारण डोळ्यात गेलेले कॉस्टिक आम्लापेक्षा खोलवर इजा करते. त्यानंतर ८० ते ९० °से.ला ढवळत राहा, उडालेले पाणी भरून काढा. तासाभरात बहुतेक सगळे विरघळते, थोडा गाळ उरला तर कापडातून गाळा.

भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. काच झिजते, आणि ॲल्युमिनियम तर हायड्रोजन सोडत विरघळते. निळे मणी वापरू नका; त्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते कर्करोगकारक मानले जाते आणि द्रावणही खराब होते. जेल विरघळायचे थांबले असेल तर बहुधा सोडा कमी पडलेला असतो. गुणोत्तर ३.३च्या पुढे गेले की वेग फार मंदावतो.

हे गुणोत्तर म्हणजे पुन्हा सेतूंचीच मोजणी आहे. सोडा जितका जास्त तितके सेतू तुटलेले, तुकडे लहान, द्रावण पातळ पण जास्त दाहक. गुणोत्तर १ला गेले की सोडियम मेटासिलिकेटचे स्फटिक पडू शकतात. सोडा जितका कमी तितके तुकडे मोठे, द्रावण चिकट आणि वाळल्यावर काचेसारखे. चिकटवण्यासाठी, पुठ्ठ्यासाठी, ओतकामातल्या वाळूच्या साच्यांसाठी जास्त गुणोत्तराचे घेतात; धुलाई आणि ग्रीस काढण्यासाठी कमी गुणोत्तराचे. साठवताना झाकण काचेचे नको, प्लॅस्टिकचे हवे: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडेला जेल धरते आणि काचेचे बूच कायमचे बसते.

आता जेल, ज्यात सर्वांत जास्त चुका होतात. बाजारात सामान्यपणे मिळणाऱ्या द्रव सिलिकेटमध्ये वजनाने सुमारे २८.७ टक्के सिलिका आणि ८.९ टक्के सोडियम ऑक्साइड असते, घनता १.३९. याचे १०० मिली घेतले तर त्यात सुमारे ४० ग्रॅम सिलिका आणि ०.४ मोल सोडियम येते. त्यात ३०० मिली पाणी मिसळा. दुसऱ्या भांड्यात २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २२० मिली घ्या. उदासीन करायला २०० मिली पुरते, वरचे २० मिली मुद्दाम जास्त. आता आम्ल जोरात ढवळत राहा आणि त्यात विरल सिलिकेट बारीक धारेने सोडा. क्रम उलटा करायचा नाही.

क्रमाला इतके महत्त्व का? सिलिसिक आम्लाचे रेणू एकमेकांशी पाणी सोडून जोडले जातात, म्हणजे सेतू बांधतात, आणि या जोडणीचा वेग पीएचवर फार अवलंबून असतो. पीएच २च्या आसपास तो सर्वांत मंद असतो. तिथून वर जाताना वेग झपाट्याने वाढतो आणि ५ ते ६ला जेल सर्वांत लवकर धरते. ७च्या वर कणांवर ऋण भार येतो. मीठ नसेल तर ते एकमेकांना दूर ढकलतात, जेल न होता कणच मोठे होत जातात, आणि कोलॉइडी सिलिका (पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण) तशीच बनवतात. पण आपल्या भांड्यात उदासीनीकरणातून आलेले २३ ग्रॅम मीठ आहे. मीठ तो भार झाकते, त्यामुळे ८-९ पीएचलाही क्षणात गुठळी होते. सिलिकेटमध्ये आम्ल ओतले तर प्रत्येक थेंबाभोवतीचा भाग ११वरून खाली येताना नेमका या धोक्याच्या पट्ट्यातून जातो आणि ढवळणे पोहोचण्याआधीच तिथे पांढरा गोळा बनलेला असतो. त्या गुठळीला पुन्हा सारखे करणारे काही नाही. आपल्या क्रमात मात्र सिलिकेटचा थेंब आम्लाच्या समुद्रात पडतो, ती सीमा क्षणात ओलांडतो आणि पीएच १ ते २च्या संथ भागात येऊन राहतो.

मिश्रण स्वच्छ पाण्यासारखे दिसायला हवे. ते ३० °से.च्या खाली ठेवा, उष्णतेने घड्याळ जोरात धावते. आता विरल अमोनिया (१ मोलर) थेंबाथेंबाने घालत पीएच ४ ते ५वर आणा. वर सांगितलेल्या प्रमाणात साधारण ४० मिलीच्या आसपास लागेल, पण शेवटच्या पाच मिलीत पीएच एकदम उडी मारतो, तिथे घाई नको. पीएच मीटरची काचेची घुंडी द्रावणात सोडून जाऊ नका. तिच्यावर सिलिकाचा थर बसला की ती आळशी होते. मोजा, लगेच धुवा. तासाभराच्या आत, बहुधा त्याच्या कितीतरी आधी, भांडे तिरके केले तरी द्रव हलणार नाही.

झाकून एक दिवस तसेच राहू द्या. या काळात सेतू बांधणे चालूच असते, जेल थोडे आकसते आणि कडेने पाणी सोडते. हे बिघडल्याचे लक्षण नाही. मग सेंटिमीटरभर तुकडे करून पाणी बदलत धुवा. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा आला नाही की मीठ गेले. मीठ राहिले तर सुकताना पृष्ठभागावर पांढरी पूड येते आणि छिद्रे बुजतात. शेवटचे पाणी किंचित आम्लयुक्त असेल तर छिद्रे बारीक (दोन नॅनोमीटरच्या आसपास) राहतात आणि पृष्ठफळ मोठे राहते. कोमट, किंचित अमोनियायुक्त पाण्यात धुतले तर बारीक कण विरघळून मोठ्यांवर जमा होतात, छिद्रे रुंदावतात आणि पृष्ठफळ निम्म्यावर येते. आर्द्रता शोषायला पहिले, मोठे रेणू वेगळे करायला दुसरे. आधी ४०-५० °से.ला हळूहळू आणि मग १२० °से.ला चार ते सहा तास सुकवा. आकारमान मूळच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होते, आणि तुकडे फुटतात. बारीक छिद्रांतल्या पाण्याच्या पृष्ठताणाचा दाब प्रचंड असतो, त्यामुळे अखंड ठोकळा मिळेल ही अपेक्षा साध्या सुकवणीत धरू नये. तो हवा असेल तर द्रव-वायू सीमाच टाळावी लागते. सॅम्युअल किस्टलर यांनी १९३१मध्ये हेच करून एरोजेल (न आकसलेले, हवेने भरलेले कोरडे जेल) मिळवले.

वापरलेले जेल १२० °से.ला तापवून पुन्हा कामाला लावता येते. पुष्कळजण लवकर व्हावे म्हणून ते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. ४०० °से.च्या पुढे शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल पाणी सोडून सेतू बनतात, पृष्ठभाग पाण्याला धरून ठेवेनासा होतो, आणि त्याहून वर छिद्रेच मिटू लागतात. मग ते दिसते जेल पण वागते बारीक वाळूसारखे. रंगदर्शक मणी असतील तर १२० °से.ची मर्यादा अधिकच काटेकोरपणे पाळा.

चारही सेतू असलेल्या सिलिकाबद्दल तापमानाच्या दोन गोष्टी भट्टीजवळ काम करणाऱ्याला ठाऊक हव्यात. क्वार्ट्‌झ ५७३ °से.ला आपली रचना किंचित ताणून दुसऱ्या रूपात जाते, आणि तेही क्षणात. लांबी अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढते. मातीच्या भांड्यात मोकळे क्वार्ट्‌झ असते, म्हणून ५५० ते ६०० या टप्प्यात भट्टी हळू चढवावी आणि हळूच उतरवावी. उतरताना पडलेली चीर बहुधा या टप्प्यातली असते, तिच्या कडा धारदार असतात. दुसरी गोष्ट वितळलेल्या क्वार्ट्‌झच्या नळ्यांची. त्यांचे उष्णतेने होणारे प्रसरण इतके कमी आहे (अंशामागे दशलक्षांत अर्धा भाग) की लाल नळी पाण्यात बुडवली तरी ती फुटत नाही. पण बोटाच्या ठशातले सोडियम तिच्यावर राहिले आणि नळी १००० °से.च्या वर गेली, तर त्या ठिकाणी सेतू सैल होतात आणि काचेचे क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या दुसऱ्या स्फटिकरूपात रूपांतर सुरू होते. गरम असेपर्यंत काही कळत नाही. थंड होताना २०० ते २७० °से.च्या दरम्यान क्रिस्टोबलाइट आकसते आणि पांढरा डाग पापुद्रा होऊन सुटतो. नळी अल्कोहोलने पुसा आणि मगच भट्टीत घाला. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही.

मूलद्रव्य सिलिकॉनमध्ये ऑक्सिजनचे सेतू मुळीच नाहीत, आणि त्याचा सगळा खर्च ते सेतू तोडण्यातच जातो. यन्स याकोब बर्झेलियस यांनी १८२४मध्ये पोटॅशियम फ्लुओरोसिलिकेट पोटॅशियमबरोबर तापवून ते मिळवले. आज विद्युत-चाप भट्टीत क्वार्ट्‌झ आणि कोळसा २००० °से.च्या आसपास तापवतात, किलोमागे ११ ते १३ युनिट वीज लागते, शुद्धता ९८ ते ९९ टक्के. कागदावर ही अभिक्रिया साधी दिसते: एक मोल सिलिका, दोन मोल कार्बन. भट्टीत मात्र मधल्या पायऱ्या सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड वायू यांच्यामार्फत होतात. कार्बन जास्त झाला तर तळाशी कार्बाइड साचून भट्टी चोंदते. कमी झाला तर मोनॉक्साइड वर निसटते आणि हवेत पुन्हा सिलिका होते. ही धुरासारखी बारीक सिलिका पूर्वी वाया जाई, आता ती गोळा करून काँक्रीटमध्ये घालतात, कारण एवढी बारीक आणि अस्फटिकी सिलिका चुन्याशी सहज जोडली जाते. तेच गिट्टीत ओपलसारखी अस्फटिकी सिलिका असेल तर उलटे होते: सिमेंटमधली अल्कली तिचे सेतू तोडते, तयार झालेले जेल पाणी पिऊन फुगते आणि काही वर्षांनी काँक्रीटवर जाळीदार भेगा दिसतात.

चिपसाठी ९९ टक्के म्हणजे घाणच. वितळलेला सिलिकॉन हळूहळू गोठवताना लोखंडासारखे धातू द्रवातच मागे राहतात. घन भागात त्यांचा वाटा द्रवातल्या प्रमाणाच्या लाखांशात मोजावा इतका कमी असतो. पण बोरॉनचा वाटा ०.८ आणि फॉस्फरसचा ०.३५, म्हणजे गोठवून बोरॉन जवळजवळ जातच नाही. आणि विद्युत गुणधर्म ठरवणारे नेमके हेच दोघे. म्हणून सिलिकॉनला ३०० °से.च्या आसपास हायड्रोजन क्लोराइड देऊन ट्रायक्लोरोसिलेन करतात. त्याचा उत्कलनांक ३१.८ °से., त्यामुळे ऊर्ध्वपातनाने बारकाईने शुद्ध करता येते. मग सुमारे ११०० °से.ला तापलेल्या सिलिकॉनच्या सळ्यांवर हायड्रोजनबरोबर त्याचे विघटन करतात. मिळालेले पॉलिसिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के (एकूण नऊ वेळा नऊ) किंवा त्याहून शुद्ध असते. त्यातून एकस्फटिक ओढायची रीत यान चोक्राल्स्की यांच्या १९१६च्या शोधातून आली. वितळबिंदू १४१४ °से.; गोठताना सिलिकॉन बर्फासारखा फुगतो, दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणून मुशीत गोठू दिला तर मूस फुटते.

घन सिलिकॉन हवेत आणि बहुतेक आम्लांत शांत असतो, कारण त्यावर एक-दोन नॅनोमीटर जाडीचा सिलिकाचा थर असतो. एकट्या हायड्रोफ्लुओरिक आम्लाने थर जातो पण खालचा सिलिकॉन जवळजवळ तसाच राहतो. तो विरघळायला सोबत नायट्रिक आम्लासारखे ऑक्सिडीकारक लागते. अल्कलीत मात्र तो हायड्रोजन सोडत विरघळतो. एक ग्रॅम सिलिकॉनमधून खोलीच्या तापमानाला सुमारे १.७ लिटर हायड्रोजन निघतो. कापणीच्या वा घासणीच्या चिखलात बारीक सिलिकॉन असतो आणि शीतक द्रव अल्कलीयुक्त असतो. असा चिखल घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ठेवणे धोक्याचे आहे. झाकणाला वायू जायला वाट हवी.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाबद्दल वेगळे सांगायलाच हवे. सिलिकॉन-फ्लोरीन बंध (सुमारे ५६५ किलोज्यूल) ऑक्सिजनच्या बंधालाही मागे टाकतो, म्हणून काच कोरायला ते उपयोगी. पण त्वचेवर विरल आम्ल पडले तर सुरुवातीला वेदनाही होत नाही, फ्लोराइड आत जाऊन रक्तातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (यावर लावायचे औषध) हाताशी नसेल आणि रुग्णालयाची वाट ठरलेली नसेल तर ही बाटली उघडूच नये. घरी काच कोरण्यासाठी तर मुळीच नाही.

सिलिकोनमध्ये सेतू दोन, बाकी जागा मिथिलने भरलेल्या. सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन कोन सुमारे १४० अंशांचा आणि लवचीक असल्यामुळे साखळी सहज वळते, −१२० °से.च्या आसपासपर्यंत ती काचेसारखी कडक होत नाही. १९४०मध्ये यूजीन रोचो यांनी तांब्याच्या उत्प्रेरकावर सिलिकॉन आणि मिथिल क्लोराइड यांची ३०० °से.च्या आसपास थेट अभिक्रिया घडवली; आजही उद्योग त्यावरच चालतो. हवे असते डायमिथिलडायक्लोरोसिलेन (उत्कलनांक ७० °से.), सोबत येते मिथिलट्रायक्लोरोसिलेन (६६ °से.). फरक चार अंशांचा, म्हणून ऊर्ध्वपातनाचे मनोरे फार उंच लागतात. हे वेगळे करणे टाळता येत नाही, कारण तीन सेतू बांधू शकणारा रेणू साखळीत शिरला की तिथे फांदी फुटते आणि तेलाचे जेल होते. एकच सेतू बांधणारा ट्रायमिथिल घटक मात्र मुद्दाम घालतात. तो साखळीचे टोक बंद करतो, आणि त्याच्या प्रमाणावरून तेलाची श्यानता (दाटपणा) ठरते.

व्यवहारात सिलिकोनच्या तक्रारी दोनच. पहिली, सीलंट आतून ओलाच राहिला. एका घटकाचा सीलंट हवेतल्या बाष्पाने पक्का होतो, बाष्प वरून आत झिरपते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. सेंटिमीटरभर जाड थर एकदम भरला किंवा दोन्ही बाजूंनी काच-धातू असेल तर आठवडे लागतात. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार ॲसिटिक आम्ल सोडतो. तांबे, शिसे, संगमरवर आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट यांवर तो लावू नका, तिथे अल्कोहोल सोडणारा उदासीन प्रकार घ्या. दुसरी तक्रार, प्लॅटिनमने पक्क्या होणाऱ्या दोन घटकांच्या साचा-रबराचा पृष्ठभाग चिकट राहिला. गंधक, अमाइन आणि कथिलाची संयुगे प्लॅटिनमला धरून निकामी करतात. गंधकयुक्त शिल्पमाती, लॅटेक्सचे हातमोजे, अमाइनने पक्के केलेले इपॉक्सी, त्रिमिती छपाईची काही रेझिने आणि आधीचे कथिलयुक्त सिलिकोन हे नेहमीचे गुन्हेगार. एकदा चिकट राहिलेला थर तापवून सुधारत नाही. प्रत्येक नव्या पृष्ठभागावर आधी नाण्याएवढा ठिपका लावून पाहावा. चिकटला तर मधे ॲक्रिलिक वार्निशचा थर द्यावा आणि पुन्हा ठिपक्याने तपासावे. व्हिनायल किंवा नायट्राइलचे हातमोजे चालतात.

धुळीचा प्रश्न नेहमी चुकीच्या पदार्थावर ढकलला जातो. पिशवीतले सिलिका जेल अस्फटिकी आहे, त्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होत नाही. धोका स्फटिकी सिलिकाच्या फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीचा आहे: क्वार्ट्‌झ, क्रिस्टोबलाइट. दगड, फरशी, काँक्रीट कोरडे कापताना ती निघते, आणि डोळ्यांना दिसणारी धूळ बसली तरी सर्वांत घातक भाग तासन्‌तास हवेत असतो. नुकत्याच फुटलेल्या पृष्ठभागावर तुटके बंध असल्याने ताजी धूळ जास्त घातक. पाणी सोडून कापणे हा पहिला उपाय, मास्क दुसरा. साधा कापडी मास्क हा उपायच नव्हे. उच्च तापमानाला भाजलेल्या डायटोमाइटमध्ये क्रिस्टोबलाइट तयार झालेले असते, त्यामुळे गाळणीची ती पांढरी पूडही याच काळजीने हाताळावी.

शेवटी पाण्यातली सिलिका मोजण्याबद्दल, कारण बॉयलर आणि शुद्ध पाण्याच्या यंत्रणेत हाच आकडा फसवतो. नेहमीची मॉलिब्डेट चाचणी पीएच १.२च्या आसपास पिवळे सिलिकोमॉलिब्डिक आम्ल तयार करते. फॉस्फेटही तसाच रंग देते, म्हणून नंतर ऑक्झॅलिक आम्ल घालून तो भाग मोडतात. नमुना काचेच्या बाटलीत आणू नका, काच स्वतः सिलिका सोडते. मोठी अडचण अशी की मॉलिब्डेट फक्त सुट्या किंवा अगदी लहान सिलिसिक आम्लाशी अभिक्रिया करते. ज्या सिलिकाचे सेतू बांधून कोलॉइड झाले आहे ती चाचणीला दिसतच नाही, आयन-विनिमय रेझिनही तिला धरत नाही, आणि बॉयलरच्या उष्णतेत ती पुन्हा विरघळून वाफेबरोबर टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते. चाचणी शून्याजवळ पण पात्यांवर थर, असे दिसले तर ५० मिली नमुन्यात ०.२ ग्रॅम सिलिकामुक्त सोडियम बायकार्बोनेट घाला, प्लॅटिनमच्या किंवा टेफ्लॉनच्या भांड्यात वाफेच्या शेगडीवर तासभर ठेवा, थंड करा, १ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल २.४ मिली हळूहळू ढवळत घाला, मूळ आकारमान भरून काढा आणि लगेच चाचणी करा. बायकार्बोनेटशिवायचा आणि बायकार्बोनेटनंतरचा आकडा यांतला फरक म्हणजे कोलॉइडी सिलिका.